बर्फ, पाणी, वाफ: आलेखातल्या दोन आडव्या रेघा नीट कशा मिळवायच्या

स्थायूत कण खेटून बसलेले, द्रवात थोडे सुटे, वायूत मोकाट. हे पाठ नसलेला विद्यार्थी शोधावा लागेल. पण त्याच विद्यार्थ्याला बर्फ तापवायला देऊन दर मिनिटाला तापमान लिहायला सांगितलं की वहीत ०, ४, ९, १५, २२ अशी छान चढती रांग येते. अशा वह्या मी इतक्या तपासल्या आहेत की पहिले तीन आकडे पाहिले तरी कळतं, हे मनाने लिहिलेत. तापमापीवर पहिली सहा-सात मिनिटं शून्यच दिसत असतं. ते पाहून मुलं गोंधळतात, तापमापी हलवतात, आच वाढवतात आणि शेवटी ‘असं असायला हवं’ ते लिहून मोकळी होतात.

या प्रयोगातून शिकण्यासारखं सगळं त्या न हलणाऱ्या शून्यात आहे. म्हणून हा लेख पायरीपायरीने लिहिला आहे. बर्फ तापवून उकळेपर्यंतची वाचनं कशी घ्यायची, आलेख कसा काढायचा, आणि त्यानंतरच कणांची चित्रं कशी काढायची. क्रम महत्त्वाचा आहे. चित्रं आधी काढली की वाचनं चित्राला जुळवून घेतली जातात.

पूर्ण प्रयोगाला मांडणी धरून सव्वा तास लागतो. लहान मुलं करणार असतील तर मोठं माणूस शेवटपर्यंत शेजारी हवं.

## १. तयारी: निम्मा प्रयोग इथेच बिघडतो

साहित्य फार नाही. २५० मिलिलिटरचं बोरोसिलिकेट काचेचं चंचुपात्र, उणे १० ते ११० अंश सेल्सिअस वाचता येईल असा तापमापी, क्लॅम्पसह स्टँड, काचकांडी, तिवई, तारेची जाळी, बर्नर किंवा हॉट प्लेट, सेकंदकाटा असलेलं घड्याळ, चिनीमातीचे दोन-तीन लहान खडे, वजनकाटा, आलेख कागद आणि सुरक्षा चष्मा. तापमापी शक्यतो लाल अल्कोहोलचा किंवा डिजिटल घ्या. पाऱ्याचा फुटला तर पुढचा तास पारा गोळा करण्यात जातो, आणि पाऱ्याची वाफ विषारी असते.

बर्फ ऊर्ध्वपातित पाण्याचा करा. साध्या पाण्यातले विरघळलेले क्षार थोडे असले तर फरक फार पडत नाही, पण मीठ लागलेल्या भांड्यात बर्फ केला तर शून्य अंश शून्यावर राहत नाही. मीठ मिसळलं की द्रवणांक खाली जातो, भरपूर मीठ असेल तर उणे २१ अंशांपर्यंतसुद्धा.

आता सर्वात जास्त टाळली जाणारी पायरी. बर्फ फोडा. ट्रेमधले चौकोनी तुकडे तसेच पात्रात टाकू नका. जाड फडक्यात गुंडाळून कुटा आणि बोटाच्या पेराहून लहान तुकडे करा. मोठ्या तुकड्यांमध्ये हवेच्या पोकळ्या राहतात आणि तापमापीचा फुगा नेमका अशा पोकळीत जाऊन बसतो. मग तो बर्फाचं तापमान सांगत नाही, पोकळीतल्या हवेचं सांगतो.

८० ग्रॅम कुटलेला बर्फ मोजून घ्या आणि त्यावर २० ग्रॅम बर्फगार पाणी ओता. पोकळ्या भरतात आणि फुग्याला सगळीकडून पाणी लागतं. कुणी म्हणेल, मग शून्याखालचा भाग आलेखात येणारच नाही. येऊ नये हेच बरं. बर्फ १ अंशाने तापायला ग्रॅममागे सुमारे २.१ ज्यूल लागतात, म्हणजे उणे १० पासून शून्यापर्यंत अवघे २१. तोच ग्रॅम वितळायला ३३४ ज्यूल. एवढ्याशा भागासाठी कोरडा बर्फाचा चुरा आणि त्यात अधांतरी तापमापी ही कटकट मी तरी घेत नाही.

तक्ता आधी आखून ठेवा. तीन रकाने करा: मिनिटं, तापमान, आणि पात्रात काय दिसतं. तिसरा रकाना सगळे सोडून देतात. आलेख वाचताना तोच कामाला येतो.

तपासा: रिकाम्या पात्राचं वजन लिहिलं का? बर्फ आणि पाणी घातल्यावरचं? शेवटी पुन्हा लागणार आहे.

## २. तापमापी खरं सांगतोय का ते पाहा

वेगळ्या भांड्यात कुटलेला बर्फ आणि थोडं पाणी कालवा. तापमापी त्यात दोन-तीन मिनिटं धरून हळूहळू ढवळा. वाचन शून्य यायला हवं. अर्धा किंवा एक अंश इकडेतिकडे असेल तर तो टाकून देऊ नका. फरक वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहा आणि पुढच्या वाचनांतून वजा किंवा अधिक करा. दोन अंशांहून जास्त फरक असेल तर दुसरा तापमापी शोधा.

वाचताना डोळा द्रवाच्या टोकाच्या पातळीत हवा. वरून वाकून पाहिलं तर एक अंश सहज चुकतो, आणि आडव्या रेघेत एका अंशाची चूक म्हणजे रेघ तिरकी.

## ३. आधी आच ठरवा, मग पात्र ठेवा

आलेखातल्या लांबी-चढावाला अर्थ यायचा असेल तर दर मिनिटाला मिळणारी उष्णता सारखी हवी. म्हणून आच एकदा लावायची आणि शेवटपर्यंत तिला हात लावायचा नाही.

ती किती ठेवायची हे असं ठरवा. दुसऱ्या तशाच पात्रात १०० मिलिलिटर साधं पाणी घेऊन तिवईवर ठेवा. मिनिटाला ८ ते १० अंश चढेल अशी ज्योत जुळवा. याहून मोठी झाली तर बर्फ तीन-चार मिनिटांत वितळून जातो आणि आडवी रेघ तयार व्हायच्या आत संपते. याहून बारीक असेल तर पाणी ८५-९० अंशांवर घुटमळत बसतं, कारण जेवढी उष्णता मिळते तेवढीच हवेत जाते.

हॉट प्लेट असेल तर ती आधी दहा मिनिटं चालू ठेवा. थंड प्लेटवर पात्र ठेवून बटण दाबलं की प्लेट स्वतःच तापत राहते आणि सुरुवातीची उष्णता कमी पडते. काही प्लेटा ठरावीक तापमानाला आपोआप बंद-चालू होतात. तसली असेल तर आलेखात पायऱ्या उमटतात. त्यापेक्षा बर्नर बरा.

आता खरं पात्र मांडा. तापमापी क्लॅम्पमध्ये असा अडकवा की फुगा पाण्यात पूर्ण बुडेल, तळापासून साधारण दीड-दोन सेंटिमीटर वर राहील आणि काचेला कुठेही टेकणार नाही. चिनीमातीचे खडे आत्ताच टाका. पाणी उकळताना बुडबुडे या खडबडीत खड्यांवर शांतपणे तयार होतात.

सावधान: खडे विसरलात आणि पाणी तापल्यावर आठवलं तर टाकू नका. उकळीच्या जवळ आलेल्या पाण्यात खडा पडला की पाणी एकदम उसळून बाहेर येतं. खड्यांशिवाय चालू द्या किंवा गार करून पुन्हा सुरू करा.

## ४. पहिली आडवी रेघ

आच लावण्याआधी शून्याव्या मिनिटाचं वाचन घ्या. ते शून्य अंश असेल. मग पात्र आचेवर ठेवा आणि घड्याळ सुरू करा.

दर मिनिटाला वाचन घ्या आणि मधला सगळा वेळ काचकांडीने सावकाश ढवळत राहा. तापमापीने ढवळू नका. तो फुटतोच, आज नाही तर उद्या.

ढवळणं का थांबवायचं नाही हे एकदा मुद्दाम थांबवून पाहा, म्हणजे पुन्हा सांगावं लागणार नाही. बर्फ वर तरंगतो, उष्णता खालून येते. पाणी सर्वात जड असतं ४ अंशांच्या आसपास, त्यामुळे न ढवळलेल्या पात्रात ४ अंशांचं पाणी तळाशी जाऊन बसतं आणि वर शून्य अंशाचा बर्फ तरंगत असतो. तापमापी तळाजवळ असेल तर तो ४, ५, ७ दाखवू लागतो, बर्फ मात्र अजून निम्मा शिल्लक. मीही पहिल्यांदा हा प्रयोग केला तेव्हा अशीच तिरकी रेघ आली होती आणि मी वहीत ‘बर्फ अशुद्ध असावा’ असं ठोकून दिलं होतं.

तर, नीट ढवळत राहिलात की वहीत काय येतं? शून्य. पुन्हा शून्य. पुन्हा शून्य. तिसऱ्या रकान्यात लिहा: ‘बर्फ निम्मा’, ‘तुकडे बोटाच्या नखाएवढे’, ‘दोनच तुकडे’. तापमान हलत नाही, पण पात्रात बदल चाललेला आहे, आणि तो नोंदवायला हाच रकाना. हे वाचन ‘तेच आहे’ म्हणून गाळू नका. गाळलेल्या मिनिटांची रेघ आलेखावर उमटत नाही, आणि मग ० अंशाचा बिंदू सरळ ९ अंशाच्या बिंदूला जोडला जातो.

बर्फाचा शेवटचा तुकडा नाहीसा झाला ते मिनिट गोल करून ठेवा.

तपासा: शेवटचा तुकडा असेपर्यंत तापमान अर्ध्या-एक अंशाच्या आतच राहिलं का? नसेल तर ढवळणं कमी पडलं किंवा आच मोठी होती. पुढे जाऊ नका, नवा बर्फ घ्या.

पात्राच्या बाहेरच्या बाजूने पाणी ओघळताना दिसेल. पात्राला तडा गेलेला नाही. गार काचेला लागून हवेतल्या बाष्पाचं पाणी होतं ते. पुसून घ्या, म्हणजे ते जाळीवर ठिबकत नाही.

## ५. चढ

बर्फ संपला की तापमान पहिल्या एक-दोन मिनिटांतच वर उसळतं. इथून वाचन दर मिनिटाला, ढवळणं चालूच.

माझ्या आचेवर वाचनं साधारण अशी येतात: सातव्या मिनिटापर्यंत ०, मग १, ९, १८, २६, ३४, ४२, ५०, ५७, ६५, ७२, ७८, ८४, ९०, ९५, ९८, आणि मग ९९ वर ठाण. तुमचे आकडे वेगळे असतील. वळण पाहा. सुरुवातीला मिनिटाला आठ-नऊ अंश, शेवटी पाच-सहा. चढाची रेघ वर जाताना किंचित वाकते, आणि पुष्कळ जण ती पट्टीने सरळ करून टाकतात. करू नका. पाणी खोलीपेक्षा जितकं जास्त गरम, तितकी उष्णता बाजूंनी निघून जाते. शिवाय पृष्ठभागावरून बाष्पीभवन वाढतं. वाकलेली रेघ खरी आहे.

चाळीस-साठ अंशांच्या दरम्यान काचेला आतून बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ‘उकळी आली’ असं लिहायची घाई इथेच होते. ती पाण्यात विरघळलेली हवा आहे. गरम पाण्यात हवा कमी विरघळते म्हणून ती बाहेर पडते.

ऐंशीच्या पुढे गेलं की आवाज येऊ लागतो, बारीक करकर. तळाशी तयार झालेले वाफेचे बुडबुडे वरच्या किंचित गार पाण्यात शिरताच मिटतात, त्याचा हा आवाज. खरी उकळी ओळखायची खूण सोपी आहे: बुडबुडे वर येताना मोठे होतात आणि पृष्ठभागावर येऊन फुटतात, आणि आवाज बदलून खदखद होतो.

## ६. दुसरी आडवी रेघ

उकळी फुटल्यावर आणखी सहा मिनिटं वाचनं घ्या आणि थांबा. सगळं पाणी आटवायचा मोह आवरा. हिशेब पाहा: १०० ग्रॅम पाणी ० वरून १०० अंशांवर न्यायला सुमारे ४१.८ किलोज्यूल लागतात, आणि तेवढंच पाणी वाफ करायला २२६ किलोज्यूल. म्हणजे पाच पटींहून जास्त. तापायला पंधरा मिनिटं लागली असतील तर आटायला तासाहून अधिक, आणि शेवटी कोरडं पात्र तडकण्याचा धोका वेगळाच.

तापमान ९९ वर, ९७ वर किंवा ९६ वर थांबलं तर तापमापीला दोष देण्याआधी आपण समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहोत ते आठवा. दर ३०० मीटरला उत्कलनांक साधारण १ अंशाने उतरतो, कारण वरून हवेचा दाब कमी असला की कणांना बाहेर पडणं सोपं जातं. वहीत १०० लिहिण्यासाठी आकडा खेचू नका. जो दिसतो तोच लिहा आणि शेजारी उंची लिहा.

आणखी एक प्रकार नेहमी होतो. ‘जोरात उकळली तर जास्त गरम होईल’ म्हणून कुणीतरी आच वाढवतं. सहा मिनिटांची वाचनं झाल्यावर, मुद्दाम, ती वाढवून पाहा. खदखद वाढते, पाणी लवकर आटतं, तापमान तिथेच.

सावधान: वाफ दिसत नाही. पात्राच्या वर जो पांढरा धूसर पट्टा दिसतो ते वाफेचं गार होऊन झालेलं पाणी, म्हणजे बारीक थेंब आहेत. खरी वाफ त्या पट्ट्याच्या खालच्या, स्वच्छ दिसणाऱ्या जागेत असते. हात तिथेच भाजतो, कारण कातडीवर पाणी होताना ती प्रत्येक ग्रॅममागे २२६० ज्यूल सोडते. तापमापी वरून धरून वाचू नका, बाजूने वाचा.

आच बंद करा. पात्र हाताला सोसेल इतकं गार झालं की वजन घ्या. काही ग्रॅम कमी भरेल. ते पाणी गेलं कुठे, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. उत्तर आठव्या पायरीत मिळेल.

## ७. आलेख

आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर तापमान. उलटं केलेलं मी दर वर्षी पाहतो.

प्रमाण असं घ्या की आलेख कागदाचा मोठा भाग भरेल. सगळे बिंदू मांडा, शून्यांचेही. मग आडव्या भागावर पट्टीने रेघ, चढाच्या भागावर हाताने वळणदार रेघ. कोपरे अगदी टोकदार येणार नाहीत, थोडे गोलसर येतात. तेही तसेच ठेवा.

आता एक पडताळा. ८० ग्रॅम बर्फ वितळायला ८० × ३३४, म्हणजे २६.७ किलोज्यूल. १०० ग्रॅम पाणी शंभर अंशांनी तापायला ४१.८. भागाकार सुमारे ०.६४. म्हणजे उष्णता कुठेही वाया गेली नसती तर आडव्या रेघेची लांबी चढाच्या लांबीच्या दोन-तृतीयांशाला थोडी कमी भरली असती. माझ्या आकड्यांत ती सात मिनिटं आणि पंधरा मिनिटं, म्हणजे ०.४७. इतका फरक का? बर्फ वितळत असताना खोलीही उष्णता देत होती, त्यामुळे तो भाग आखडला. पाणी गरम झाल्यावर खोली उष्णता घेत होती, त्यामुळे चढ लांबला. दोन्हीकडून गुणोत्तर खालीच येतं. ०.६४ च्या वर आलं तर मात्र घोळ आहे; बहुधा मधे कुणीतरी आच वाढवली.

## ८. आता कणांची चित्रं

एकच चित्र काढून ‘पाण्याचे कण’ असं लिहायचं नाही. आलेखाच्या चारही जागांवर, म्हणजे पहिल्या आडव्या रेघेच्या मध्यावर, चढाच्या मध्यावर, दुसऱ्या आडव्या रेघेच्या मध्यावर आणि पात्राबाहेर गेलेल्या वाफेत, वेगवेगळं चित्र काढायचं.

त्याआधी एक वाक्य पक्कं करा. तापमान म्हणजे कणांच्या हालचालीच्या सरासरी ऊर्जेचं माप. तापमान वाढत नसेल तर कणांचा सरासरी वेग वाढत नाही. मग आडव्या रेघेवर दिलेली उष्णता कशात खर्च होते? कणांना एकमेकांपासून सोडवण्यात. या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात, कारण तापमापीवर ती प्रकट होत नाही. हे वाक्य पाठ असूनही चित्रात मुलं वितळतानाचे कण जोरजोरात पळवतात.

पहिली जागा, ० अंश. चौकोनाच्या एका भागात बर्फ, एका भागात पाणी. बर्फातला प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधांनी धरून असतो आणि त्यातून षटकोनी, आत पोकळी असलेली जाळी तयार होते. रेणू जागेवरच थरथरतात. स्थायूतले कण स्थिर नसतात, म्हणून प्रत्येकाभोवती दोन छोटे कंस काढून कंप दाखवा. पाण्याच्या भागात जाळी मोडलेली, रेणू एकमेकांना टेकलेले, पण घसरत जागा बदलणारे. दोन्ही भागांत हालचालीच्या रेघा सारख्याच लांबीच्या, कारण तापमान एकच आहे.

इथे पाण्यापुरती एक गंमत ध्यानात ठेवा. ‘द्रवात कण जास्त दूर’ हा नियम पाण्याला लागू होत नाही. जाळीतल्या पोकळ्या कोसळतात, त्यामुळे पाण्यात रेणू सरासरीने बर्फापेक्षा जवळ असतात. म्हणूनच बर्फाची घनता ०.९२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटरच्या आसपास आणि तो पाण्यावर तरंगतो. बहुतेक बाकीच्या पदार्थांत द्रव थोडा ऐसपैस असतो, पण थोडाच.

दुसरी जागा, चढ. चित्र जवळपास तेच, रेणू टेकलेले. फक्त हालचालीच्या रेघा लांब. रेणू मोठे काढू नका. पदार्थ तापला की कण फुगतात ही समजूत चिवट आहे. कण तेवढेच राहतात, त्यांच्यातली जागा किंचित वाढते.

तिसरी जागा, उकळी. पाण्यात एक मोठा बुडबुडा काढा. त्याच्या आत काय? बहुतेकांच्या चित्रात ‘हवा’ असते, काहींच्या चित्रात ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन’. दोन्ही चूक. आत पाण्याचेच रेणू, अखंड, फक्त एकमेकांपासून सुटलेले. उकळल्याने रेणू तुटत नाही.

चौथी जागा, वाफ. इथे पट्टी घ्या. १०० अंशांची वाफ त्याच पाण्याच्या सुमारे १६०० पट जागा व्यापते. १६०० चं घनमूळ जेमतेम १२. म्हणजे पाण्यात शेजारी-शेजारी टेकलेले दोन रेणू वाफेत साधारण बारा पट अंतरावर गेले. तुमच्या चित्रातला रेणू १ सेंटिमीटरचा असेल तर पुढचा १२ सेंटिमीटरवर. वहीच्या पानावर दोन-तीन रेणू मावतील, बस. छापील चित्रांत चौकोनात दहा-बारा गोळे दिसतात ते सोयीसाठी. एकदा तरी हे चित्र मापात काढा, मग विसरत नाही.

रेणूंच्या मधल्या जागेत निळा रंग भरू नका. तिथे पाणी नाही, हवाही नाही, काहीच नाही. आणि बाण सगळे वर नकोत. वायूचे कण सगळ्या दिशांना जातात. खोलीच्या तापमानाला हवेतल्या नायट्रोजनचे रेणू सेकंदाला सुमारे ५०० मीटर वेगाने धावतात, तरी कोपऱ्यात उघडलेल्या बाटलीचा वास नाकाशी यायला वेळ लागतो. कारण मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतकंही अंतर न कापता ते दुसऱ्या रेणूवर आदळतात आणि दिशा बदलते.

आणि ते कमी भरलेलं वजन? बरंचसं उकळीत गेलं, पण सगळं नाही. सरासरी वेग एक असला तरी प्रत्येक रेणूचा वेग वेगळा असतो. पृष्ठभागावरचे वेगवान रेणू ६० अंशांनाही निसटतात, ३० अंशांनाही. म्हणून बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला होतं आणि उकळी एकाच तापमानाला. तिसऱ्या रकान्यात ‘वर धूसर दिसू लागलं’ असं किती अंशांना लिहिलं आहे ते पाहा.

तपासा: चारही चित्रांत रेणूचा आकार सारखा आहे का? पहिल्या चित्रात दोन्ही भागांतल्या रेघांची लांबी सारखी आहे का? चौथ्या चित्रात तीनपेक्षा जास्त रेणू आहेत का? असतील तर पट्टीने मोजा.

## ९. चौथं चित्र पटत नसेल तर सिरिंज

मधे खरोखर एवढी रिकामी जागा असते यावर पुष्कळांचा विश्वास बसत नाही. १० मिलिलिटरची, सुई नसलेली नवी सिरिंज घ्या. दट्ट्या मागे ओढून हवा भरा, तोंड बोटाने घट्ट दाबून ठेवा आणि दट्ट्या ढकला. निम्म्यापर्यंत आत जातो. त्याला साधारण दीड-दोन किलो वजनाएवढा जोर लागतो. सोडला की परत येतो.

मग पाणी भरा. इथे घाई होते: तोंडाशी हवेचा बुडबुडा राहतो आणि दट्ट्या थोडा हलतो, मग ‘पाणीही थोडं दाबलं जातं’ असा निष्कर्ष निघतो. सिरिंज उभी धरा, टिचकी मारून बुडबुडा वर आणा, बाहेर काढा, मग तोंड बंद करा. आता दट्ट्या जागचा हलत नाही.

स्थायूसाठी काही जण सिरिंजमध्ये खडूचे तुकडे भरायला सांगतात. माझ्या मते हा भाग गाळावा. तुकड्यांच्या मधे हवा असते, खडूच्या आतही असते, आणि दट्ट्या हलला की आपण खडू दाबला की हवा, हे सांगता येत नाही. स्थायूचं उत्तर हवंच असेल तर पाण्याने भरलेल्या सिरिंजमध्ये एखादा काचेचा मणी टाका, बुडबुडे काढा आणि मग ढकलून बघा.